जेएनआय सोडून एफएफएम एपीआय: काही महिन्यांच्या वापरानंतर

सी मधली एक जुनी गणिती लायब्ररी आमच्या गळ्यात आहे. लिहिणारे केव्हाच निघून गेले, पण उत्तरं बिनचूक येतात, म्हणून जावात नव्याने लिहायला कोणी धजत नाही. आधी ती जेएनआयमधून, म्हणजे जावातून सी चा कोड बोलावण्याच्या जुन्या पद्धतीने, चालायची. मार्च २०२४ मध्ये जावा २२ सोबत त्याच कामासाठीचा नवा फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय (एफएफएम) पक्का झाला, तेव्हा आम्ही तिकडे वळलो.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मधला सी कोड गेला. जेएनआयला प्रत्येक फंक्शनसाठी सी चं वेगळं आवरण लागायचं, ते दर प्लॅटफॉर्मवर कंपाइल करा, मग पॅकेजमध्ये कोंबा. आता जेएक्स्ट्रॅक्ट नावाच्या टूलला हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शन आणि स्ट्रक्टची सी मधली यादी) दिली की जावाचे क्लास तयार. हे टूल जेडीकेत (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये) येत नाही, वेगळं उतरवावं लागतं. वेगात मात्र फरक जाणवला नाही. आमचे कॉल मुळातच लांबलचक चालणारे.

त्रास झाला तो हाताने लिहिलेल्या लेआउटमध्ये, म्हणजे सी चा डेटा मेमरीत कसा मांडलाय याच्या जावातल्या वर्णनात. एका स्ट्रक्टमध्ये आधी दोन लाँग, मग एक डबल. ६४ बिट लिनक्सवर सी चा लाँग ८ बाइटचा, म्हणून डबल सोळाव्या बाइटपासून. विंडोजवर तोच लाँग ४ बाइटचा, डबल आठव्यापासून. आमच्या लेआउटमध्ये दोन्हीकडे जावाचा लाँग, म्हणजे ८ बाइट. विंडोजवर एरर नाही, क्रॅश नाही, नुसते भलतेच आकडे. जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारा प्रोग्राम) तुमच्या वर्णनावर डोळे झाकून विश्वास ठेवतं, हेडरशी ताडून बघत नाही.

अरीना, म्हणजे मेमरी देणारा आणि बंद झाला की ती सगळी सोडणारा ऑब्जेक्ट, मला मनापासून आवडला. कुठली मेमरी कधी सुटणार हे कोडमध्येच दिसतं, आणि बंद झालेल्या अरीनाच्या सेगमेंटला (त्याने दिलेल्या मेमरीच्या तुकड्याला) जावातून हात लावला की सरळ एक्सेप्शन. पण ही राखण जावाच्या बाजूपुरतीच. आमची लायब्ररी सुरुवातीला दिलेल्या बफरचा पॉइंटर स्वतःकडे ठेवते. तो बफर ट्राय ब्लॉकमधल्या अरीनातून दिला, तर ब्लॉक संपताच मेमरी जाते आणि सी ला त्याचा पत्ताच नसतो. अशा बफरला ग्लोबल किंवा स्वतः सांभाळलेला शेअर्ड अरीनाच हवा. डॉक्युमेंटेशन नसलेल्या लायब्ररीत कोण पॉइंटर धरून ठेवतं हे शोधण्यातच आमचा निम्मा वेळ गेला.

कॉलबॅकचंही तसंच: जावाच्या कॉलबॅकमधून (सी ने उलट बोलावलेल्या जावाच्या फंक्शनमधून) एक्सेप्शन बाहेर निसटलं की अख्खं जेव्हीएम बंद. प्रत्येक कॉलबॅकला थ्रोएबल (म्हणजे एक्सेप्शन आणि एरर दोन्ही) पकडणारा ट्राय-कॅच घाला, कंटाळा करू नका.

सी प्लस प्लसची एक लायब्ररी मात्र आम्ही जेएनआयवरच ठेवली. जेएक्स्ट्रॅक्टला फक्त सी ची हेडर समजतात, त्यामुळे तिच्यासाठी आवरण लिहावं लागणारच होतं, आणि ते आमच्याकडे तयार होतं. जावा २४ पासून जेएनआयलाही नेटिव्ह ॲक्सेसची (जावाबाहेरचा कोड वापरल्याची) वॉर्निंग येते, तेव्हा एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेसचा फ्लॅग दोन्हीसाठी एकदाच स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकून दिला.