किस्तका, मेण आणि छापील वारली: मुलांच्या एका हस्तकला संचाबद्दल

थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघांसाठी देशोदेशींच्या पारंपरिक कलांचा एक संच घेतला. त्यात चार कला आहेत आणि आमचे चार रविवार त्यात गेले. आधी पिसांकाबद्दल सांगते, कारण तिच्यासाठी मी हा संच पुन्हासुद्धा घेईन.

युक्रेनियन भाषेत 'पिसाती' म्हणजे लिहिणे. त्यावरूनच पिसांका हे नाव आलं: मेणाने लिहिलेलं अंडं. संचात खरी किस्तका दिली आहे, म्हणजे काडीच्या टोकाला तारेने बांधलेलं इवलंसं पितळी नरसाळं, आणि सोबत मधमाश्यांच्या मेणाची वडी. नरसाळं ज्योतीवर तापवायचं, मेणात खुपसायचं, पुन्हा जरा तापवून अंड्यावर रेघ ओढायची. जे पांढरं राहायला हवं त्यावर मेण लावून अंडं पिवळ्या रंगात सोडायचं. मग जे पिवळं ठेवायचं त्यावर मेण. पुढे नारिंगी, लाल आणि शेवटी काळा. इतकं सगळं करून हातात उरतं एक काळंकुट्ट, खडबडीत अंडं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. मग मी अंडं ज्योतीच्या बाजूला धरलं (वर धरलं तर काजळी बसते), मेण पाघळायला लागलं आणि त्याने मऊ कापडाने पुसलं. पिवळी-लाल नक्षी लख्ख वर आली. "आई, हे सगळं आतच होतं!" त्याचा तो आवाज अजून कानात आहे.

मेणबत्तीजवळ मोठ्या माणसाने बसायलाच हवं. रंग खाण्याचे नाहीत, हे पुस्तिकेत ठळक छापलंय, ते बरं केलं. दोनपैकी एका किस्तकेची तार मात्र सैल निघाली. थोरलीने अंड्यावर काढलेल्या झाडावर मेणाचा थेंब पडला आणि तो ठिपका शेवटपर्यंत पांढराच राहिला. तिला फार लागलं ते.

मेक्सिकोचा 'देवाचा डोळा' म्हणजे काड्यांच्या फुलीवर रंगीत लोकर विणून केलेली नक्षी. तिच्यासाठी दिलेली लोकर छान आहे, भरपूर आहे. काड्या मात्र इतक्या गुळगुळीत की मधली फुली सारखी सरकते. आधी दोऱ्याने घट्ट आवळून घ्या. माझी खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. तिने याला नुसती भिंतीवरची शोभा म्हटलंय. हुइचोल लोकांच्या परंपरेत बाळ जन्मलं की बाप मधला डोळा विणतो आणि मूल पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी त्यात भर घालतो. हे ऐकल्यावर थोरलीने लोकरीचा रंग बदलताना स्वतःची वर्षं मोजली. नऊ पट्टे विणेपर्यंत ती जागची हलली नाही. दोन ओळी छापल्या असत्या तर किती मुलांना हे मिळालं असतं!

घानात अर्थ असलेली चिन्हं कापडावर छापतात, ती आदिंक्रा. संचातले त्यांचे ठसे फोमचे आहेत. तिथे ते वाळलेल्या भोपळ्याच्या कवचातून कोरतात. पण छाप स्वच्छ उमटतो आणि मान मागे वळवलेला सांकोफा पक्षी दोघांना फार आवडला. विसरलेलं मागे जाऊन घेऊन यावं, असा त्याचा अर्थ.

वारलीने मात्र मन खट्टू झालं. छापील आकृत्यांत पांढरा रंग भरा, एवढंच काम. अहो, वारली माणूस टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांतून उभा राहतो, तो त्रिकोणच मुलाच्या हातून काढून घेतला तर उरलं काय? गेरूने सारवलेली भिंत, तांदळाची पिठी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर ही कला उभी आहे. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ती कागदावर आणली, तेव्हा त्यांच्यापुढे काही छापील रेघा नव्हत्या. आम्ही कागद उलटे केले, मागे गेरू फासला आणि काडीने सुरुवात केली. धाकट्याने तारपा वाजवणाऱ्याभोवती अकरा माणसं नाचवली. त्यातल्या दोघांना हात नाहीत, पण पाय सगळ्यांचे उचललेले आहेत.

सहा वर्षांखालच्या मुलांना ठसे आणि त्रिकोण जमतील, किस्तका नाही. पिसांकासाठी अख्खी दुपार मोकळी ठेवा आणि अंडी जास्तीची आणा. आमची दोन हातातच फुटली.