गुलबक्षी आणि अ‍ॅलिसम: नागपूरच्या उन्हात दीड वर्ष काढल्यावर

मागच्या वर्षी मृगाच्या पावसात पेरलं होतं, आता डिसेंबर चालू आहे, म्हणून लिहून राहिली. घर मानेवाड्याकडे, अंगणात जेमतेम दहा बाय चारची पट्टी, माती पक्की काळी, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात नुसता चिखल. माझं म्हणणं एवढंच होतं की वास पाहिजे आणि दरवर्षी बी विकत आणायची कटकट नको. म्हणून ही दोन, पडलेल्या बियांतून आपोआप उगवतात म्हणतात.

गुलबक्षीचं बी शेजारच्या काकूंनी दिलं, काळं, सुरकुतलेलं, मिऱ्यासारखं. रात्रभर भिजवून बोटाच्या पेराएवढं खोल टाकलं, आठवड्यात कोंब, गणपतीपर्यंत फुलं. सकाळी पाहुणे आले की झाड मिटलेलं, त्यांना वाटते हिची बाग म्हणजे नुसता पाला! फुलं उमलतात चारनंतर आणि खरा वास दिवेलागणीनंतर. ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलर परत लावला तर बाहेरचा वास ओढून थेट बेडरूममध्ये, बाप्पा, हे तर काकूंनी पण सांगितलं नव्हतं.

एका फुलात एकच बी, पण फुलं इतकी की खाली जमीन काळी होते. थंडीत झाड वाळलं, कापून टाकलं, मला वाटलं संपलं. मे महिन्यात 45 डिग्रीत बाकी सगळं करपलं आणि कूलरचं पाणी ठिपकते तिथे रोपं वर! जुना कंद पण फुटला. लेकीच्या बारावीच्या बायोलॉजीत हेच झाड आहे, लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की गुलाबी येते म्हणून, आमच्याकडे मात्र पिवळ्यावर गुलाबी पट्ट्या निघाल्या.

अ‍ॅलिसम म्हणजे बारीक फुलांचं बुटकं रोप, त्याच्या बियांचं पाकीट नर्सरीतलं. पहिल्यांदा बी मातीत दाबलं, एक उगवलं नाही. ते बारीक बी, त्याला उजेड लागतो, वरच भुरभुरायचं. मग जमलं, मधासारखा वास, मार्चच्या उन्हात खलास. यंदा दिवाळीनंतर फरशीच्या फटीत आपोआप आलं, कुंडीत मात्र काहीच नाही, कारण मीच माती उकरून शेणखत घातलं होतं.

म्हणजे आपोआप उगवते हे खरं, पण आपला हात आवरला तर. जूनमध्ये निंदायला आलेल्या दादांनी गवतासोबत अर्धी रोपं उपटली, त्यांची काय चूक, मलाच ओळखता येत नव्हती. गुलबक्षीची पहिली दोन पानं रुंद आणि जाड असतात, ती दिसली की आता मी बाजूला काडी खोचते.

तक्रार म्हणाल तर पसरते लय. नको तिथला कंद काळ्या मातीतून काढायला सब्बल लागते. आणि बी, मूळ दोन्ही विषारी आहे, घरात लहान पोट्टे असतील तर पडलेलं बी रोज वेचा, त्यांना ते गोट्यांसारखं वाटते.

काकूंनी यंदा अंगणभर फरशी बसवली, त्यांचं झाड त्यातच गेलं. परवा त्या माझ्याकडे बी मागायला आल्या, कुंडीत लावतो म्हणे.