५ एस टिकवायचं तर महिन्याचं ऑडिट बरं की रोजचा राउंड?

कन्सल्टंट ५ एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) लावून गेलाय, पिवळे पट्टे मारून झालेत, आता टिकवायचं कसं हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी लिहितोय. सेइरी-सेइतोन (नको ते काढा, उरलेलं जागेवर लावा) परत सांगत बसत नाही. चाकणला मशीन शॉपचा मॅनेजर आहे, आधी दीड वर्ष ऑडिट केलं, म्हणजे चेकशीट घेऊन मार्क देत तपासणी, आणि आता वर्षभर राउंड, म्हणजे रोज सकाळी शॉपमध्ये एक फेरी.

ऑडिटचं चांगलं म्हणजे कागद राहतो, कस्टमरला दाखवता येतो, मॅनेजर बदलला तरी चेकशीट तीच. राउंडचं तसं नाही, माणूस ढिला पडला की राउंड गेला. मी दिवाळीत आठ दिवस गावी होतो तर आल्यावर टूल क्रिबसमोर (हत्यारं ठेवायच्या जागेसमोर) परत खोक्यांची रांग, खोटं कशाला बोला.

पण माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी पोरं रिजेक्ट जॉब (नापास झालेले पार्ट), तुटकी फिक्स्चर (जॉब धरून ठेवायची साधनं), कुलंटचे रिकामे कॅन असलं सगळं हातगाडीवर टाकून कंप्रेसर रूमच्या मागे नेऊन ताडपत्रीखाली ठेवायची, आणि ऑडिट झालं की दुसऱ्या दिवशी तीच गाडी परत आत. शंभरात ब्याण्णव मिळाले त्याच आठवड्यात सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) माझ्याकडे ८ एमएमची एलन की मागायला आला. शॅडो बोर्डवर (प्रत्येक हत्याराची जागा आखलेल्या फळ्यावर) तिची जागा रिकामी, खाली लेबल मात्र एकदम चकाचक. विचारलं तर म्हणतो, "साहेब, ऑडिट झालं की बोर्डच्या कीज स्टोअरला जमा करतो, हरवू नयेत म्हणून." पोरांना काय बोलणार, मार्क मीच मागत होतो ना!

राउंड म्हणजे सकाळी सव्वाआठला पंधरा मिनिटं, एकट्याने, वही न घेता. टोयोटाचे ताइइची ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून माणसाला त्यात तासन्‌तास उभं करायचे म्हणे, बघत राहा म्हणून. एवढा वेळ आपल्याला कोण देतंय, पण एकाच मशीनपाशी पाच मिनिटं गप्प उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. चौथ्याच दिवशी बघितलं, व्हीएमसीवरचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचे) मामा दर जॉबला कमरेत वाकून जमिनीवरच्या बिनमधून कास्टिंग उचलतायत. म्हणाले, "स्टँडची चिठ्ठी सजेशन बॉक्समध्ये दोनदा टाकली की साहेब." स्क्रॅपमधल्या अँगलचा स्टँड मेंटेनन्सने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेल्ड करून दिला. तेव्हापासून मामांच्या मशीनभोवतीच्या चिप्स (धातूचा कीस) उचला म्हणून मला सांगावं लागलेलं नाही, उलट शेजारचा विचारायला लागला आमचा स्टँड कधी.

मात्र चुका काढत फिरलात तर ते रोजचं ऑडिटच झालं, मग ताडपत्रीही रोजची. मी एकच गोष्ट उचलतो, उद्याच्या राउंडच्या आत तिचं काहीतरी करतो, नसेल जमणार तर तसं जाऊन सांगतो.

प्लांट मोठा असेल, कस्टमर स्कोअर मागत असेल तर ऑडिट लागणारच, मीही तीन महिन्यातून एकदा करतो, फक्त तारीख न सांगता आणि मार्क बोर्डवर न लावता. पण पन्नास-साठ माणसांचं युनिट असेल आणि वेळ एकातच घालायचा असेल तर मी तरी राउंडच म्हणेन, तुमच्याकडे वेगळं असू शकतं. रात्रपाळीचं अजून जमलेलं नाही, सुपरवायझरला सांगितलंय, बघू. कीज आता बोर्डवर असतात. काल १० ची नव्हती, सव्वाआठलाच दिसलं, सेटरच्या खिशात निघाली.