टोप्या होत्या, स्क्रूच नव्हते

"वादळाने उडालं, त्याला मी काय करणार?" ग्रीनहाऊसच्या छताच्या पॉलिकार्बोनेट (कडक, पारदर्शक प्लॅस्टिक) शीट उडाल्या, तेव्हा आमच्या ठेकेदाराने एवढं बोलून हात वर केले. तुम्हालाही कोणी हेच ऐकवलं तर गप्प बसू नका. आधी पडलेली शीट नीट उलटून बघा.

वाऱ्याने स्क्रूमधून शीट उपटली असेल तर भोकं फाटलेली दिसतात, त्यांच्या कडेला चिरा जातात. आमच्या शीटला मधल्या पर्लिनच्या, म्हणजे शीट ज्यावर टेकते त्या आडव्या पाइपांच्या जागी भोकंच नव्हती. होत्या त्या स्क्रू झाकायच्या गोल प्लॅस्टिकच्या टोप्या, सिलिकॉनने चिकटवलेल्या. एक नखाने उचकटली, तर खाली शीट कोरी करकरीत! दुसरी काढली, तेच. खालून बघणाऱ्याला ओळीत बसवलेल्या टोप्या दिसाव्यात आणि काम चोख झालंय असं वाटावं, एवढ्यासाठी हा उद्योग. कोटेशनमध्ये प्रत्येक पर्लिनवर स्क्रू आणि वॉशर लिहिले होते, पैसेही तेवढ्याच स्क्रूंचे घेतले होते. खरे स्क्रू फक्त शीटच्या वरच्या आणि खालच्या टोकाला.

छतावरून वारा जातो तेव्हा तो शीट दाबतो त्यापेक्षा जास्त वर खेचतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्याचा मूळ दाबच चौरस मीटरला सुमारे 24 किलो भरतो. छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ आणखी जास्त बसते. दार उघडं राहिलं तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. आणि 6 मिलिमीटरच्या पोकळ शीटचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला जेमतेम 1.3 किलो. मधे धरून ठेवायला काही नसेल तर शीट फुगते, फडफडते आणि शेवटी टोकाच्या स्क्रूंमधून निसटते. सिलिकॉन पाणी अडवायला असतं, छत धरून ठेवायला नाही.

जे स्क्रू होते त्यांचंही काम असंच उरकलेलं. भोकं स्क्रूच्या मापाची, घट्ट. पॉलिकार्बोनेट उन्हात बरंच वाढतं: 3 मीटरच्या शीटला 40 अंशांच्या फरकाने जवळपास 8 मिलिमीटर. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं आणि त्यावर रुंद वॉशर, खाली ईपीडीएम रबर बसवायचं असतं. इथे वॉशर इतके लहान की शीट त्यांच्यावरून ओढली गेली. रबराऐवजी मऊ पीव्हीसीच्या चकत्या होत्या. त्यातला प्लॅस्टिसायझर, म्हणजे पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन, पॉलिकार्बोनेटला हळूहळू चिरा पाडतो.

वॉरंटीचा कागद दाखवला तर म्हणे, ती शीट पिवळी पडण्यापुरती आहे, फिटिंगची नाही. कागदावर खरोखरच तसं होतं. फिटिंगची हमी वेगळी लिहून मागा, आणि त्यात स्क्रूमधलं अंतर, वॉशरचा व्यास आणि रबराचा प्रकार येऊ द्या. "वाऱ्याला तोंड देईल असं मजबूत काम" या शब्दांना काही अर्थ नाही, ते कोणीही लिहून देतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी आत उभं राहून प्रत्येक पर्लिनच्या अगदी जवळ तळहाताने शीट वर ढकला. स्क्रू असेल तर ती पाइपाला धरून राहते. नसेल तर शीट आणि पाइप यांच्यात फट पडते. हे करायला शिडी पुरते, कारागीर लागत नाही. मग वरच्या काही टोप्या ठेकेदारासमोरच उघडायला लावा, आणि त्या कोणत्या उघडायच्या हे तुम्ही ठरवा, त्याने नव्हे. शीटवरची छापील फिल्म तुमच्यासमोरच काढायला सांगा, कारण अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू कोणती हे तिच्यावरच लिहिलेलं असतं.

आम्ही पडलेल्या शीटचे, कोऱ्या जागेचे आणि उचकटलेल्या टोप्यांचे फोटो काढून कोटेशनसोबत त्याला पाठवले. त्यानंतर वादळाचं नाव त्याने काढलं नाही, पण फोनही उचलला नाही. आता ते फोटो लेखी तक्रारीला जोडले आहेत, टोप्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत, आणि उरलेल्या छतावरची एकेक टोपी उघडून जिथे स्क्रू नाही तिथे नवीन माणसाकडून तो बसवून घेतो आहोत.