शुक्रवारचं ग्रोव्ह की शनिवारचं पोर्ट रॉयल? मातीच्या शर्यती पहिल्यांदा बघायला निघालेल्यांसाठी

नोकरीसाठी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग-मेकॅनिक्सबर्गकडे आलेली आपली मंडळी पहिल्या उन्हाळ्यात हमखास विचारतात, शुक्रवारी रात्री लांबून तो घोंघावल्यासारखा आवाज कसला येतो? तो विल्यम्स ग्रोव्ह स्पीडवेचा. १९३९ साली सुरू झालेला, मोटारींच्या शर्यतींचा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. मग दुसरा प्रश्न येतो: एकदा जायचं तर इथेच जायचं, की शनिवारी पोर्ट रॉयलला? की रजा काढून थेट आयोवातलं नॉक्सव्हिल गाठायचं?

मी जुन्नर तालुक्यातला, बैलगाडा शर्यतींच्या घाटावर वाढलेला. माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल, तो ट्रॅक पहिला निवडा. घाटावर ज्याची गाडी ओळखीची नाही त्याला बारी, म्हणजे गाड्याची धाव, नुसती धूळ. इथेही तसंच आहे. तीन शुक्रवार गेलात की एखादा ड्रायव्हर आपोआप 'आपला' होतो, आणि शर्यत खरी तिथून दिसायला लागते.

आधी गाडीविषयी, कारण निवड त्यावरही ठरते. मध्य पेनसिल्व्हेनियाचं दैवत म्हणजे डोक्यावर विंग, म्हणजे मोठा पत्र्याचा पंख, लावलेली स्प्रिंट कार. ४१० घन इंचाचं इंजिन, सुमारे ९०० हॉर्सपॉवर, आणि ड्रायव्हरसकट वजन जेमतेम साडेसहाशे किलो. इंधन मिथेनॉल. स्टार्टर नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. मागून एक ट्रक बंपर टेकवून ढकलत नेतो, आणि थोड्या अंतरावर इंजिन असं भडकतं की बाकावर बसल्या जागी छाती हादरते. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं, कारण फक्त डावीकडेच वळायचं आहे. वळणात गाडी आडवी होते, पुढची चाकं उजवीकडे रोखलेली आणि गाडी मात्र डावीकडे. ग्रोव्हचा एक फेरा सोळा-सतरा सेकंदांत उरकतो.

आता ग्रोव्ह आणि पोर्ट रॉयल शेजारी शेजारी ठेवून बघू. लांबी दोन्हीकडे अर्धा मैल, पण स्वभाव निराळे. ग्रोव्हची सरळ पट्टी लांब आणि वळणं आखूड, फारसा उतार नसलेली. गाड्या पूर्ण वेगात येतात आणि वळणाच्या तोंडाशी सगळा हिशेब होतो. पुढच्याला मागे टाकणं अवघड, म्हणून कोणी टाकलं की अख्खा स्टँड उभा राहतो. पोर्ट रॉयल जत्रेच्या मैदानात आहे, जुनियाटा नदीच्या खोऱ्यात. वळणं रुंद आणि वाहती. एक गाडी आतल्या कडेने, दुसरी पार वरून भिंतीला घासून, आणि दोघी बरोबरीने वळणाबाहेर पडतात. नवख्या माणसाला चुरस लगेच कळते ती इथे. शिवाय पोर्ट रॉयलला लेट मॉडेलही धावतात: बंद बॉडीच्या, रुंद, जड गाड्या. आवाज थोडा सौम्य, आणि एकमेकींना खेटून चालण्यात त्यांची खरी मजा. ग्रोव्हच्या शुक्रवारी बहुधा ४१० आणि तिची धाकटी बहीण, ३५८ घन इंच इंजिनाची स्प्रिंट कार.

नुसती शर्यत तोलली तर माझं माप पोर्ट रॉयलकडे झुकतं. माणसं तोलली तर ग्रोव्हकडे. ग्रोव्हला माझ्या पुढच्या रांगेत एक आजी बसतात. मांडीवर वही, पेन्सिलीला दोरा बांधून तो वहीला अडकवलेला. प्रत्येक हीटचा, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या पात्रता-शर्यतीचा, क्रम लिहून घेतात, आणि आपला ड्रायव्हर मागे पडला की पेन्सिल दाबून लिहितात, कागद फाटेल इतकी. पहिल्या दिवशी माझ्या मुलीच्या कानांवर काही नाही हे बघून त्यांनी पर्समधून फोमचे बोळे काढून दिले. आम्ही पुढच्या वेळी चिवडा नेला. पहिल्या वळणाकडून उडालेलं मातीचं ढेकूळ नेमकं डब्यात पडलं, तेवढं बाजूला करून त्या आणि आम्ही बाकीचा संपवला.

मातीकडे लक्ष ठेवा, दोन्हीकडे. संध्याकाळी ट्रॅकवर पाणी मारतात आणि गाड्या हळू फिरवून माती दाबून घेतात. सुरुवातीच्या हीटमध्ये माती ओली, चिकट. पकड चांगली, वेग जबरदस्त. रात्र चढते तशी ती सुकते, काळी पडून चकाकते, आणि गाड्या घसरायला लागतात. सुटी माती वर कडेला साठून तिचा बांध तयार होतो, त्याला इथे कुशन म्हणतात. त्या बांधाला उजवं मागचं चाक टेकवून जो धावतो तो वेगवान, पण बांध ओलांडला की भिंत. मुख्य शर्यत, म्हणजे फीचर, या घसरड्या मातीवर होते. म्हणून हीट बघून घरी निघू नका. आमच्या घाटावर बारी सेकंदांवर तोलतात, समोर दुसरा गाडा नसतो. इथे वीस-बावीस गाड्या एकाच मातीवर एकमेकींची वाट अडवतात, त्यामुळे जिंकणाऱ्याइतकंच अडवणाऱ्याचंही कसब बघावं लागतं.

लिंकन स्पीडवे थोडक्यात सांगतो. ॲबटस्टाउनजवळ, पाऊण मैलाच्या निम्मा, म्हणजे तीन अष्टमांश मैल. छोटा, गाड्या सतत डोळ्यांपुढे. गेटिसबर्ग जवळ असल्याने दिवसा रणभूमी आणि रात्री शर्यत, असा पाहुण्यांसाठीचा शनिवार झकास होतो.

यॉर्क हेवनच्या बॅप्स मोटर स्पीडवेचं नाव वाचून न्यू जर्सीचे लोक बॅप्स स्वामीनारायण मंदिराची आठवण काढतात. ते नाव गाड्यांच्या रंगांच्या कंपनीवरून आलं आहे, रॉबिन्सव्हिलच्या मंदिराशी त्याचा काही संबंध नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येणार असाल तर निवड करूच नका. तीन तासांच्या आसपासचा रस्ता, शुक्रवारी ग्रोव्ह, मुक्काम, शनिवारी पोर्ट रॉयल. बरेचसे ड्रायव्हर दोन्ही रात्री धावतात. शुक्रवारी पलटी खाल्लेली गाडी शनिवारी संध्याकाळी नवी विंग लावून रांगेत उभी दिसते, तेव्हा त्या घरच्या माणसांनी रात्रभर काय केलं असेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

वर्षातून काही वेळा 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' ही १९७८ पासूनची देशभर फिरणारी मालिका ग्रोव्हला येते. त्या रात्री गाव विरुद्ध पाहुणे असा सामना असतो. इथल्या ड्रायव्हरांच्या टोळीला 'पेनसिल्व्हेनिया पॉसी' म्हणतात. ग्रोव्हवर शंभराहून जास्त विजय मिळवलेला लान्स ड्युईज हा त्यातला सगळ्यात मोठा मानकरी. गर्दी मोठी, तिकीट महाग, पार्किंगला उशीर. पहिली खेप या रात्री नको. एक साधा शुक्रवार आधी बघा, म्हणजे गावाची बाजू का घ्यायची ते कळेल. मग शरद ऋतूतली ग्रोव्हचीच मोठी शर्यत, नॅशनल ओपन, चुकवू नका, ती १९६३ पासून चालू आहे.

राहिलं नॉक्सव्हिल आणि एल्डोरा. नॉक्सव्हिल नॅशनल्स १९६१ पासून, ऑगस्टमध्ये, चार रात्री. शेवटची लढत ५० फेऱ्यांची. स्टीव्ह किन्झरने ती बारा वेळा जिंकली. दुसऱ्या वळणाला लागून स्प्रिंट कारचं संग्रहालय आहे, दिवसा तिथे जाता येतं. जायला डे मॉइनपर्यंत विमान आणि पुढे तासाभराची गाडी. ओहायोतलं एल्डोरा हॅरिसबर्गहून सात तासांहून लांब. १९५४ साली अर्ल बाल्ट्स यांनी बांधलेला, २००४ पासून नामांकित रेसर टोनी स्टीवर्टच्या मालकीचा हा ट्रॅक, उंच उताराची वळणं. लेट मॉडेलची आवड लागली असेल तर सप्टेंबरची वर्ल्ड १०० बघा, जिंकणाऱ्याला पृथ्वीचा गोल मिळतो. जुलैच्या किंग्ज रॉयलमध्ये विजेत्याला मुकुट आणि झगा घालून सिंहासनावर बसवतात. 'घाटाचा राजा'ची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांत ते पहिल्यांदा बघताना पाणी आलं. एकाच मोठ्या सहलीचे पैसे असतील तर स्प्रिंट कारवाल्यांनी नॉक्सव्हिल धरावं. चार रात्रींत अख्ख्या देशाचे ड्रायव्हर ओळखीचे होतात, एल्डोराला तेवढा वेळ मिळत नाही.

लहान मुलं असतील तर कानांवर हेडफोनसारखी आवाजबंद टोपणं घ्या, बोळे पुरत नाहीत. डोळ्यांना साधे गॉगल. बसायला वळणाजवळ पण वरच्या रांगेत. पोळीभाजीवाल्यांना फ्राइज आणि पिझ्झावर भागवावं लागेल. दुपारी पाऊस झाला तर निघण्याआधी ट्रॅकची सूचना बघा, चिखलावर शर्यत होत नाही. आणि फीचर संपल्यावर लगेच पार्किंगकडे पळू नका. ग्रोव्हला मग लोक पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात त्या जागेत, जातात. गाड्या अजून गरम, विंगवर मातीचा थर, आणि ड्रायव्हर हेल्मेट काढून पोरांच्या टोप्यांवर सह्या करत उभा असतो. माझ्या मुलीने तिच्या ४१० वाल्याच्या टायरवरून खरवडलेली माती घरी डबीत ठेवली आहे.