जॉन फोल्ड्स यांचे तीन मंत्र: बर्मिंगहॅमची सीडी आणि तिच्यासोबत ऐकावे असे काही

सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्राने साकारी ओरामो यांच्या संचालनाखाली वॉर्नर क्लासिक्ससाठी ध्वनिमुद्रित केलेली आणि 2004 साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांच्या रचनांची सीडी रागसंगीतावर कान तयार झालेल्या प्रत्येक श्रोत्याने एकदा तरी शांतपणे, सलग ऐकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिताना भारताकडे वळलेले रचनाकार कमी नाहीत. पण त्यांतील बहुतेकांना आपल्याकडून हवा होता तो रंग, थोडी झांज आणि थोडी वळणदार सुरावट. फोल्ड्स यांना हवी होती ती शिस्त. ठरलेले स्वर घ्यायचे, त्यांच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही आणि त्या मर्यादेतूनच रचना उभी करायची, ही आपल्या संगीतातली मूळ गोष्ट त्यांनी मनापासून स्वीकारली होती, आणि ते किती खोलवर स्वीकारले होते याचा पुरावा या सीडीवर कानांनी तपासता येतो.

फोल्ड्स यांचा जन्म 1880 साली मँचेस्टरमध्ये झाला. वडील तिथल्याच हॅले ऑर्केस्ट्रात बसून वाजवीत आणि 1900 साली मुलगाही त्याच वाद्यवृंदात चेलोवादक म्हणून दाखल झाला. पुढे त्यांना नाव मिळाले ते हलक्याफुलक्या रचनांमुळे आणि नाटकांच्या संगीतामुळे. 'केल्टिक लॅमेंट' ही त्यांची छोटीशी रचना ब्रिटनमध्ये घरोघरी पोचली होती. बर्नार्ड शॉ यांच्या 'सेंट जोन'च्या 1924 सालच्या लंडनमधील प्रयोगांचे संगीतही त्यांचेच. गंभीर रचना मात्र हस्तलिखितांतच राहिल्या. 1935 साली ते पत्नी मॉड मॅकार्थी यांच्यासह भारतात आले, 1937 पासून ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख झाले आणि कोलकात्यात बदली होऊन गेल्यावर एप्रिल 1939 मध्ये पटकीने त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे त्यांचे नाव कोणी फारसे घेतले नाही. 1970 च्या दशकात संगीतसमीक्षक माल्कम मॅकडोनाल्ड यांनी फोल्ड्स यांच्या कन्येकडे उरलेली हस्तलिखिते पाहिली, त्यांवर पुस्तक लिहिले, आणि आज जे काही ऐकायला मिळते त्याची वाट तिथून मोकळी झाली.

मराठी वाचकांचा या माणसाशी आणखी एक संबंध आहे आणि तो सुखाचा नाही. रेडिओच्या 'द इंडियन लिसनर' या पाक्षिकात 1938 साली फोल्ड्स यांनी हार्मोनियमवर कडक टीका करणारा लेख लिहिला. बारा पट्ट्यांत बांधलेले, समान अंतरांवर बसवलेले सूर, मींड घेण्याची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय नाही, श्रुतींना, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांना जागा नाही, असा एकूण आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूर यांचेही मत पेटीविरुद्धच होते आणि रेडिओचे नियंत्रक लायोनेल फील्डन यांनाही ते पटत होते. 1 मार्च 1940 पासून पेटी रेडिओवरून हद्दपार झाली आणि ती बंदी सैल व्हायला तीन दशके लागली. गोविंदराव टेंबे यांनी ज्या वाद्याला बैठकीत मान मिळवून दिला आणि ज्याच्याशिवाय नाट्यपदाची कल्पनाही करवत नाही, त्या वाद्यावर झालेला हा अन्याय होता असे मला आजही वाटते. गवयाच्या गळ्यामागून सावलीसारखी चालणारी पेटी फोल्ड्स यांनी पुरेशी ऐकली नसावी. परंतु त्या लेखामागची तळमळ खरी होती, स्वराच्या अचूक जागेविषयीची होती, आणि तीच तळमळ त्यांच्या संगीतात ऐकू येते. त्यामुळे लेख बाजूला ठेवून संगीत ऐकणे हेच न्यायाचे आहे.

सीडीचा गाभा म्हणजे 'थ्री मंत्राज'. फोल्ड्स 'अवतार' नावाच्या एका संस्कृत ऑपेरावर 1919 पासून पुढे दहाएक वर्षे काम करीत होते. तो ऑपेरा त्यांनी सोडून दिला, पण तिन्ही अंकांच्या आधी वाजायची वाद्यवृंदाची तीन प्रास्ताविके त्यांनी राखली. हेच ते तीन मंत्र. पहिला कर्माचा आणि पार्थिव अवतारांच्या दर्शनाचा, दुसरा आनंदाचा आणि स्वर्गीय अवतारांच्या दर्शनाचा, तिसरा इच्छाशक्तीचा आणि वैश्विक अवतारांच्या दर्शनाचा. तिन्ही मिळून वाजायला सुमारे 25 मिनिटे लागतात आणि त्यांतला जवळपास अर्धा वेळ एकटा दुसरा मंत्र घेतो.

पहिला मंत्र झपाट्याचा आहे. पितळी वाद्ये आणि तंतुवाद्ये एकमेकांच्या अंगावर धावून येतात आणि ओरामो ती धाव कुठेही विस्कटू देत नाहीत. दुसऱ्या मंत्रात सगळे थांबल्यासारखे होते. हार्पचे आणि वरच्या पट्टीतल्या तंतुवाद्यांचे थर एकावर एक येऊन बसतात, मग शब्दांवाचून गाणाऱ्या स्त्रियांचा आवाज येतो, आणि तो कोणत्या क्षणी आला हे पहिल्या ऐकण्यात नेमके सांगता येत नाही, इतका तो वाद्यांत मिसळलेला आहे. काही श्रोत्यांना हा भाग लांबलेला वाटेल. मला तो तसा वाटत नाही, कारण विलंबित आलापीत बढत जशी एकेका स्वरावर थांबत पुढे सरकते तशीच इथे एकेक नवा सूर उशिरा आणि जपून उघडला जातो. ज्याला विलंबिताची सवय आहे त्याला इथे कंटाळा येण्याचे कारण नाही.

तिसऱ्या मंत्रासाठी मात्र मी ही सीडी पुन्हा पुन्हा लावतो. कर्नाटक पद्धतीतल्या 72 मेलांचा, म्हणजे सात स्वरांच्या मूळ चौकटींचा, फोल्ड्स यांनी बारकाईने अभ्यास केला होता. पियानोसाठी लिहिलेल्या 'एसेज इन द मोड्स' या रचनाही त्याच अभ्यासातून आल्या. तिसरा मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सात स्वरांच्या एकाच मेलात आहे. एवढा मोठा वाद्यवृंद, एवढा गदारोळ, ढोलांचा आणि पितळी वाद्यांचा एकच ठेका घणासारखा पडत राहतो, आणि या सगळ्यात एकही परका स्वर लागत नाही. पाश्चात्त्य संगीतात पट्टी बदलणे, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाणे, हा रचना पुढे नेण्याचा मुख्य मार्ग असतो. तो मार्ग फोल्ड्स यांनी इथे स्वतःहून बंद केला आहे. मग उरते काय, तर लय, आघात, आवाजाची घनता आणि त्याच सात स्वरांची बदलती मांडणी. शेवटाकडे जाताना हा दाब इतका वाढतो की आता पट्टी बदलली तर सुटका होईल असे कानाला वाटू लागते, आणि ती सुटका हा मंत्र देत नाही. ही ताकद त्या नियमातूनच आलेली आहे.

सीडीवरची दुसरी महत्त्वाची रचना 'लायरा केल्टिका' ही मानवी आवाज आणि वाद्यवृंद यांच्यासाठी आहे. यात गायिकेला शब्द नाहीत. सुझन बिकली यांनी ती गायली आहे. फोल्ड्स यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी या मुळात व्हायोलिनवादक. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या ॲनी बेझंट यांच्याबरोबर भारतात आल्या, दक्षिणेत राहून आपले गाणे शिकल्या आणि श्रुतींचे बारकावे गळ्यातून काढून दाखवीत इंग्लंडमध्ये व्याख्याने देऊ लागल्या. त्यांच्या या गळ्याची जाण ठेवूनच ही रचना लिहिलेली आहे आणि तिच्यात अर्ध्या स्वराहूनही लहान अंतरे येतात. बिकली ती अंतरे घसरत, चाचपडत न घेता नेमकी ठेवतात. आपल्याकडच्या कानाला ती अजून थोडी सैल, अजून थोडी लडिवाळ हवी होती असे वाटेल. पण युरोपीय तालमीत वाढलेल्या गळ्याकडून एवढी स्वच्छता मिळणे हीच मोठी गोष्ट आहे.

डॅनिएल होप यांनी वाजवलेली 'अपॉथिओसिस' ही व्हायोलिनवादक योआखिम यांच्या स्मरणार्थ लिहिलेली शोकरचना आहे, आणि 'मिराज' ही फोल्ड्स यांच्या तरुणपणची, रिचर्ड श्ट्राउस यांची दाट छाया असलेली कृती आहे. दोन्ही नीट वाजवल्या आहेत. परंतु मंत्रांनंतर त्या ऐकल्या तर फिक्या पडतात, म्हणून त्या वेगळ्या दिवशी ऐकाव्यात.

ओरामो यांच्या आधी बॅरी वर्ड्सवर्थ आणि लंडन फिलहार्मॉनिक यांनी लिरिटा कंपनीसाठी हेच तीन मंत्र मुद्रित केले होते. ती सीडीही आजवर टिकून राहावी अशी आहे: ध्वनी अधिक ऐसपैस आहे, दुसऱ्या मंत्रातले स्त्रियांचे आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतात आणि सोबत 'हेलास' ही प्राचीन ग्रीसच्या स्वरसप्तकांवरची सुंदर रचना मिळते. तरीही तिसऱ्या मंत्रात वर्ड्सवर्थ किंचित सौम्य आहेत आणि तिथे सौम्यपणा चालत नाही. एकच घ्यायची असेल तर ओरामो, दोन्ही परवडत असतील तर दोन्ही.

ओरामो यांनी त्याच वाद्यवृंदासह 2006 साली दुसरी सीडी काढली आणि तिच्यावर 'डायनॅमिक ट्रिप्टिक' हा पियानो आणि वाद्यवृंदाचा तीन भागांचा कॉन्चेर्टो आहे. याचाही पहिला भाग एकाच मेलात बांधलेला आहे. दुसऱ्या भागात तंतुवाद्ये पाव पाव स्वरांनी सरकत एका स्वरपुंजावरून दुसऱ्यावर जातात, तेव्हा पायाखालची जमीन हळूच हलल्याचा भास होतो. पीटर डोनोहो इथे तडफदार वाजवतात. मला मात्र 1984 साली लिरिटाने काढलेले, व्हर्नन हँडली यांनी संचालित केलेले हॉवर्ड शेली यांचे वादन अधिक आवडते, कारण त्या मधल्या भागात शेली घाई करीत नाहीत आणि पियानो वाद्यवृंदावर कुरघोडी करीत नाही. या रचनेचा पहिला प्रयोग 1931 साली एडिंबरामध्ये डोनाल्ड टोव्ही यांनी केला आणि नंतर ती बहुतांशी कपाटातच राहिली; ऐकताना ही गोष्ट मनातून जात नाही.

प्रक्षेपणांचा विषय निघाला की मन खट्टू होते. दिल्लीच्या रेडिओवर फोल्ड्स यांनी 'ऑर्फियस अब्रॉड' ही भाषणमाला सादर केली, भारतीय वाद्ये वाजवणाऱ्या कलावंतांना स्वरलेखन वाचायला शिकवून त्यांचा वाद्यवृंद उभा केला, त्या वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या आणि त्या हवेतून श्रोत्यांपर्यंत पोचवल्या. त्याच सुमारास मुंबई केंद्रावर वॉल्टर कॉफमन युरोपीय संगीताचा विभाग सांभाळीत होते. आपल्या रेडिओच्या इतिहासातला हा फार मोलाचा काळ आहे. पण त्या वाद्यवृंदाचे काम आज सीडीवर कुठे मिळत नाही, आणि भारतात लिहिलेल्या फोल्ड्स यांच्या रचनांपैकी बऱ्याच, त्यांतली 'सिंफनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट'सुद्धा, हरवल्या आहेत. म्हणूनच उरलेल्या ध्वनिमुद्रणांना एवढे महत्त्व येते.

हाती लागणारे मोठे प्रक्षेपण आहे ते लंडनचे. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी लिहिलेले 'अ वर्ल्ड रेक्विएम' 1923 पासून सलग चार वर्षे युद्धविरामदिनी सुमारे 1,200 गायक-वादकांच्या ताफ्यासह लंडनमध्ये सादर झाले आणि मग पूर्णपणे विस्मरणात गेले. 11 नोव्हेंबर 2007 रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिऑन बॉटस्टीन यांनी बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ते पुन्हा उभे केले, बीबीसी रेडिओ 3 ने ते प्रक्षेपित केले आणि पुढच्या वर्षी शँडॉसने त्याच मैफलीच्या दोन तबकड्या काढल्या. मॉड यांनी जुळवलेल्या संहितेत बायबलच्या आणि इंग्रजी लेखक बनियनच्या ओळींबरोबर कबीरही आहे. हे आपल्याकडच्या श्रोत्याने मुद्दाम लक्षात घ्यावे. जेराल्ड फिन्ली यांचा खर्जाकडे झुकणारा आवाज या संचातली सर्वांत देखणी गोष्ट आहे. संगीत मात्र सर्वत्र सारख्या तोलाचे नाही. काही भागांत शांत, सपाट स्वरपुंज इतका वेळ टिकतात की प्रत्यक्ष सभागृहात, अवतीभोवती एवढी माणसे असताना त्यांचा जो परिणाम होत असेल तो घरच्या स्पीकरवर होत नाही. मंत्र आवडल्यावरच याकडे वळावे.

डटन एपॉकने रोनाल्ड कॉर्प आणि बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा यांच्याकडून करून घेतलेल्या सीडींत फोल्ड्स यांचे हलके संगीत आहे. ते गोड आहे, पण खास त्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. खर्च करावा तो एंडेलियन क्वार्टेटने 1981 साली पर्ल कंपनीसाठी मुद्रित केलेल्या 'क्वार्टेटो इंतिमो'वर. चार वाद्यांच्या या रचनेत मंत्रांमधला सगळा आवेग आहे आणि तो लपायला मोठा वाद्यवृंद नाही, म्हणून प्रत्येक स्वर उघडा पडतो आणि प्रत्येक स्वर टिकतो. त्याच मुद्रणात 'लेंतो क्विएतो' हा एकच संथ भाग आहे. ज्या क्वार्टेटचा तो भाग होता ती रचना भारतात लिहिली गेली आणि तिचे बाकीचे भाग गेले. जुनी सीडी मिळवायला थोडे शोधावे लागते, नव्या सीडीहून ती महागही पडते, आणि तरीही बर्मिंगहॅमच्या सीडीनंतर लगेच घ्यावी अशी माझ्या मते तीच आहे.