माजी विद्यार्थी संघाची साइट: वर्डप्रेस, भाड्याचा प्लॅटफॉर्म की स्वतःचं ॲप?

पुण्यातल्या माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत हिंजवडी-खराडीला आयटीत नोकरी करणारे दोन-चार जण असतातच. त्यामुळे "आपलं स्वतःचं ॲप करूया" ही सूचना पहिल्या चहाबरोबर येते. सुचवणाऱ्याची तळमळ खरी असते. मी वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), भाड्याचा प्लॅटफॉर्म (कंपनीची तयार साइट, दरवर्षी पैसे भरून वापरायची) आणि पहिल्या ओळीपासून लिहिलेलं ॲप अशी तिन्ही कामं वेगवेगळ्या संघांसाठी केली आहेत. आता मी आधी एवढंच विचारतो: माणसांची यादी कुठे आहे, आणि ती कोण सांभाळणार?

मेळाव्याची तारीख, फोटो, वार्तापत्र, देणगीची माहिती एवढंच हवं असेल तर वर्डप्रेस घ्या. ते फुकट आहे, २००३ पासून चालू आहे आणि ते येणारा माणूस पुण्यात शोधावा लागत नाही. कचेरीतल्या ताई स्वतः मराठीत बातमी टाकू शकतात, ही मला त्यातली सगळ्यात मोठी सोय वाटते. सभासदांचं लॉगिन आणि डिरेक्टरी, म्हणजे शोधता येणारी सभासदांची यादी, प्लगिनवर (वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरवर) उभी केली की मात्र जोखीम वाढते. एखादं प्लगिन वेळेवर अपडेट झालं नाही, तर सगळ्या सभासदांचे फोन नंबर उघड्यावर पडू शकतात.

भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर डिरेक्टरी, नोकऱ्यांचा फलक, मार्गदर्शकांच्या जोड्या, सामूहिक मेल हे सगळं तयार मिळतं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मोजला जातो, त्यामुळे कॉलेजलाही त्यातले तयार अहवाल आवडतात. पैसे दरवर्षी जातात, ते ठीक. पण आमच्या एका संघाने करार थांबवला तेव्हा हाती फक्त नाव, मेल आणि बॅच असलेली एक्सेल आली. कोण कुठल्या मेळाव्याला आलं, कोणी काय देणगी दिली, हा सगळा इतिहास तिकडेच राहिला. दोन उन्हाळे बसून कार्यकर्त्यांनी तो भरला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

स्वतःचं ॲप कधी करावं? नावांचा प्रश्न खरोखर मोठा असेल तेव्हा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, पुढे आईचं. १९८८ ची कुलकर्णी आज देशपांडे असते आणि मैत्रिणी तिला माहेरच्या नावानेच शोधतात. तयार प्लॅटफॉर्मवर बहुधा पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. आम्ही प्रत्येक माणसाला हवी तितकी नावं जोडता येतील असा वेगळा तक्ता केला: हजेरीपटावरचं, आत्ताचं, हाक मारायचं, देवनागरीत आणि रोमनमध्येही. शोधासाठी पोस्टग्रेस या डेटाबेसचं ट्रायग्राम वापरलं; ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून दोन नावांतलं साम्य मोजतं. त्यात देशपांडेच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडला तरी माणूस सापडतो. दीक्षित मात्र कुणी 'एक्स' घालून लिहितं, कुणी 'केएसएच' घालून. मग दोन्हींमधलं साम्य ०.३ या ठरलेल्या मर्यादेच्या खाली जातं आणि शोध रिकामा येतो. अशा आडनावांची जोडयादी आम्ही हाताने केली. एका मेळाव्यात दोन मैत्रिणी त्या शोधातून कित्येक वर्षांनी भेटल्या, तेव्हा ती मेहनत सार्थकी लागली.

स्वतःच्या ॲपमध्ये लॉगिनही आपणच ठरवायचं. एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी यंत्रणेवर) संघाची आणि मजकुराची नोंदणी लागते, आणि परदेशातल्या नंबरांचा खर्च वेगळा. मेलवर लिंक पाठवणं सोपं पडलं. ओळख पटवायला पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) मागू नका, जुन्या बॅचना तो आठवत नाही. त्याच बॅचच्या दोघांनी "हो, हा आमचाच" म्हणावं, ही पद्धत उत्तम चालते.

पण ॲप लिहिणारा मुलगा परदेशी गेला की? आमच्याकडे हेच झालं. डोमेन त्याच्या खासगी खात्यावर होतं, नूतनीकरणाची मेल त्यालाच गेली, आणि ऐन मेळाव्याच्या आठवड्यात साइट बंद. कोड समजणारी दोन माणसं आणि दरवर्षीची देखभालीची तरतूद नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

देणगीचं पान तिन्ही पर्यायांत नीट तपासा. देणाऱ्याचं नागरिकत्व विचारलंच पाहिजे. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे परकीय निधी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मित्राचे मात्र धरतात, आणि त्यासाठी एफसीआरए या परकीय निधीच्या कायद्याखालची परवानगी व स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. फोन नंबर आपणहून दिसू नयेत, सभासदाने परवानगी दिली तरच दिसावेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे.

व्हॉट्सॲपला पर्याय उभा करायच्या फंदात पडू नका. ग्रुपची मर्यादा १,०२४ असली तरी एकेका बॅचला ती पुरते. साइटवरची बातमी तिथे पोचवा, बस.

माझा कौल: बहुतेक संघांनी बातम्यांसाठी वर्डप्रेस ठेवावं, यादी स्वतःच्या ताब्यातल्या तक्त्यात ठेवावी आणि डिरेक्टरी भाड्याने घ्यावी. सही करण्याआधी त्या कंपनीकडे पन्नास नावं भरा, दोन मेळाव्यांची हजेरी नोंदवा, चार देणग्या टाका आणि म्हणा, "आता हे सगळं आम्हाला परत द्या." जी फाइल येईल, ती कार्यकारिणीसमोर उघडा.